ब्लडी, गावठी आणि माझ्या आईचा प्रश्न

"सर, जरा तुमच्याकडची भाषा घालून द्या ना."

गेल्या महिन्यात दौंडला माझ्या घरी तीन कॉलेजची मुले आली होती. स्पर्धेसाठी एकांकिका बसवत होती. मूळ नाटक इंग्रजी, लंडनच्या गरीब वस्तीत घडणारे. त्यातली माणसे तिथल्या बोलीत बोलतात, शिव्या देतात, शब्दांची मोडतोड करतात. मुलांनी मराठी भाषांतर केले होते, पण संवाद पुस्तकी वाटत होते. म्हणून दिग्दर्शक मुलाने ही मागणी केली.

मुलगा वाईट नव्हता. मनापासून नाटक करणारा होता. पण 'तुमच्याकडची' म्हणजे कुठली, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दोघांनाही ते माहीत होते. त्याच्याबरोबर आलेला एक मुलगा आपल्याच वस्तीतला, भीमजयंतीला स्टेजवर सूत्रसंचालन करणारा. तो ते ऐकून खाली फरशीकडे बघत बसला. मला तो मुलगा ओळखीचा वाटला. कारण तीस वर्षांपूर्वी तो मी होतो.

तेव्हा मी दौंडहून पुण्याला शटलने कॉलेजला जात होतो. नाटकाचे वेड होते. एका इंग्रजी नाटकाचे मराठी रूपांतर बसत होते. मूळ नाटकात घरातला नोकर लंडनची कॉकनी बोली बोलतो. आमचे दिग्दर्शक म्हणाले, "कॉकनी म्हणजे आपल्याकडचं गावठी." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तोपर्यंत माझ्या 'न' आणि 'ण'वरून मला मोठी भूमिका मिळत नव्हती. त्याच 'न' आणि 'ण'मुळे गड्याची भूमिका मिळाली. एवढेच नाही, 'व्हतं', 'न्हाई', 'कुटं', 'मंग' कसे म्हणायचे हे मी इतरांनाही शिकवले. नाटकाला बक्षीस मिळाले. अस्सल बोलीभाषेच्या वापराबद्दल परीक्षकांनी दिग्दर्शकाचे कौतुक केले.

त्या प्रयोगाला आई आली होती. ती मूळची शिरूरकडची, घोडनदीच्या काठच्या एका गावातली. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या थिएटरात बसली होती. परतीच्या गाडीत बराच वेळ गप्प होती. हडपसर गेल्यावर म्हणाली, "आरं, तू तर आपल्यावानीच बोलत व्हतास. मंग ती लोकं हसत कशापायी व्हती?"

मी म्हणालो, "आई, विनोदी नाटक आहे. हसणारच."

ती म्हणाली, "इनोद कुटं व्हता? त्यो गडी तर पगार मागत व्हता."

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नाही. त्यानंतरची तीस वर्षे चळवळीत गेली, अनेक सभांना उत्तरे दिली. आईचा हा प्रश्न तेवढा राहून गेला. त्याचे उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक लंडनमध्ये 11 एप्रिल 1914 रोजी हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये आले. रस्त्यावर फुले विकणारी एलायझा, आणि सहा महिन्यांत तिचे उच्चार सुधारून तिला उच्चकुलीन बाई म्हणून खपवून दाखवीन अशी पैज मारणारा भाषाशास्त्रज्ञ हिगिन्स, ही त्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. तिसऱ्या अंकात एलायझा एका प्रतिष्ठित घरी चहाला जाते. उच्चार एव्हाना शुद्ध झालेले आहेत. पण बोलायचे काय, हे तिला कुणी शिकवलेले नाही. मग ती त्या शुद्ध, घोटीव उच्चारांत आपल्या वस्तीतल्याच गोष्टी सांगू लागते. मावशी आजाराने मेली म्हणतात, पण खरे तर घरच्यांनीच तिला 'उडवली'. तिची टोपी कुणी 'ढापली'. आणि निघताना ती सहज 'ब्लडी' हा शब्द उच्चारते. त्या काळी तो शब्द सभ्य रंगभूमीवर ऐकू येत नसे. वर्तमानपत्रांत गहजब झाला. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक मिनिटभराहून अधिक हसत राहिले असे सांगतात.

पण मित्रांनो, खरी गंमत त्या एका शब्दात नाही. ती चहाला जमलेल्या पाहुण्यांच्या वागण्यात आहे. एलायझा पहिल्या अंकात पावसात भिजत याच भाषेत बोलत होती, तेव्हा ती गटारातली भाषा होती. तिसऱ्या अंकात तिने चांगले कपडे घातले आहेत, उच्चार बदलले आहेत. आता हिगिन्स पाहुण्यांना सांगतो की ही बोलण्याची नवी पद्धत आहे. पाहुण्यांना ते पटते. एक तरुणी तर फॅशन समजून घरातून निघताना तोच शब्द स्वतः वापरते. शब्द तोच राहिला. तोंड कुणाचे आहे यावरून त्याची किंमत बदलली.

शॉ यांनी हे ओळखले होते. पण त्यांची एक मर्यादाही त्याच नाटकात छापलेली आहे. पहिल्या अंकात फुलवालीचे सुरुवातीचे बोलणे त्यांनी तिच्या उच्चारांप्रमाणे लिहिले, आणि लगेच कंसात कबुली दिली की लंडनबाहेर कुणाला हे समजणार नाही, म्हणून असे लिहिण्याचा प्रयत्न सोडून देतो. म्हणजे फुलवालीवर नाटक लिहिणाऱ्या एवढ्या मोठ्या लेखकालाही फुलवालीची बोली कागदावर पेलली नाही.

मराठीत हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' या नावाने आणले. 1975 साली ते रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरात पोहोचली. मीही ते नाटक पाहिले आहे, हसलो आहे, मंजुळेच्या गाजलेल्या स्वगताला टाळ्या वाजवल्या आहेत. पु. लं.च्या कानाला मराठीच्या तऱ्हा कळत होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी शॉ यांचे शब्द उचलले नाहीत. मंजुळेला इथल्या रस्त्यावरची जीभ दिली. रूपांतर कसे करावे याचा तो धडाच आहे.

पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. लंडनमध्ये एलायझाच्या बोलण्यावरून तिचा वर्ग ओळखू येतो. महाराष्ट्रात 'न' आणि 'ण'वरून काय ओळखू येते? नाटकातला प्राध्यापक जहागीरदार आहे आणि फुलवाली साळुंके आहे. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ही आडनावे वाचता येतात. तरी सगळे भांडण चालते ते उच्चारांवर. जात दाराबाहेर चपलांजवळ थांबते. इंग्रजांच्या नाटकातला वर्ग मराठीत येताना जात होऊनच येतो. पण त्याला जात म्हणायचे नाही, 'अशुद्ध भाषा' म्हणायचे, असा आपल्याकडे अलिखित करार आहे.

आणि ही शुद्धता तरी काय आहे? ज्या महाराष्ट्री प्राकृताचा वारसा मराठी अभिमानाने सांगते, त्या प्राकृतात संस्कृतातल्या 'न'चा सर्रास 'ण' होत असे. संस्कृताच्या पंडिताला तेही अशुद्धच वाटले असणार. आज ज्याच्या घरात 'ण' आहे तो शुद्ध आणि ज्याच्या घरात 'न' आहे तो अशुद्ध. म्हणजे नियम भाषेतून निघत नाही, घरातून निघतो.

आता त्या 'कॉकनी म्हणजे गावठी' या समीकरणाकडे येऊ. हे समीकरणच चुकीचे आहे. सेंट मेरी-ले-बो या चर्चच्या घंटा ज्याला ऐकू येतात अशा ठिकाणी जो जन्मला तो कॉकनी, अशी जुनी व्याख्या आहे. म्हणजे ही लंडन शहराच्या ऐन मधली बोली आहे. ती खेडवळ नाही, अस्सल शहरी आहे. फेरीवाले, हमाल, बाजारातले लोक यांनी ती घडवली. तिच्यात यमकांची एक गुप्त भाषा आहे. जिन्याला ते सफरचंद आणि नाशपाती म्हणतात, कारण इंग्रजीत त्या शब्दांचे जिन्याशी यमक जुळते. शब्द उलटे करून बोलायचीही त्यांची रीत होती. इंग्रजीत मुलाला असलेला 'बॉय' हा शब्द उलटा करून त्यांनी 'यॉब' केला, आणि आज तो गुंड पोरासाठी इंग्रजीत रुळला आहे. पोलिसाला कळू नये, गिऱ्हाइकाला कळू नये, मालकाला कळू नये म्हणून केलेली ही हुशारी आहे.

आपल्याकडे याला जवळची गोष्ट कोणती? बाजारात दलालांची नंदभाषा होती, त्यात आकड्यांना वेगळीच नावे असत. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. मुंबईच्या कामाठीपुऱ्याची भाषा होती. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द समजून घ्यावे लागले होते. म्हणजे पांढरपेशा मराठीला अडाणी कोण ठरवते, असा प्रश्न गोलपिठ्याने विचारला. लंडनच्या नाटकाचे रूपांतर करताना त्या बोलीतली ही हुशारी आणायला हवी. आपण काय आणतो? 'व्हय मालक' म्हणणारा गडी. आपण शब्दांचे भाषांतर करत नाही, उतरंडीचे करतो.

त्याच 1972 साली तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' आले. परिनिरीक्षण मंडळाने कात्री उगारली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सखाराम जन्माने ब्राह्मण आहे आणि शिव्या देतो. धक्का बसण्याचे तेही एक कारण होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ते धाडस म्हणून नोंदले गेले, आणि ते धाडस होतेच. पण आमच्या वस्तीतला माणूस तेच शब्द बोलतो तेव्हा त्याला कुणी धाडस म्हणत नाही, संस्कार नाहीत असे म्हणतात. पुन्हा तेच. शब्द तोच, तोंड वेगळे.

दौंडमध्ये वाढलेल्या माणसाला हे लहानपणीच कळते. हे रेल्वेचे गाव आहे. इथे इंग्रजांच्या काळापासून गोरे आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड राहिले. त्यांच्या बंगल्यांतून आणि लोको शेडमधून इंग्रजी गावात झिरपली. माझे वडील गँगमन होते. ते 'सिंगल पडला' म्हणत, 'लाइन किलेर' म्हणत, आणि कंदिलाची काच फुटली की 'बल्डी' म्हणत. ड्रायव्हर लोक आपसात बोलत ते ऐकून त्यांनी तो शब्द उचलला होता. त्याचा अर्थ आम्हा पोरांना माहीत नव्हता, पण कधी वापरायचा ते अचूक कळत होते. पुण्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये इंग्रजी शाळेतली मुले तोच शब्द तेवढ्याच वेळा वापरत. तिथे तो स्मार्टपणा होता. वडील म्हणत तेव्हा ती अडाण्याची इंग्रजी होती.

उलट बाजूनेही शब्द गेले, आणि तो हिशेबही पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश सोल्जर इथून परत जाताना आपल्या बोलण्यात 'देखो'चे 'डेको' आणि 'विलायती'चे 'ब्लाइटी' घेऊन गेले. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांचा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहिलेले सोल्जर तिथे भ्रमिष्ट होत. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. आपले देवळाली असे लंडनच्या बोलीत जाऊन बसले. हे सगळे हसण्यावारी नेता येते.

पण त्यांनी आणखी एक शब्द नेला, 'पारिया'. तामिळ देशातल्या परैयर या अस्पृश्य ठरवलेल्या जातीचे ते नाव. आज इंग्रजी बोलणारा कुणीही, जगात कुठेही, वाळीत टाकलेल्या माणसाला किंवा देशाला पारिया म्हणतो. बातम्यांत म्हणतो, नाटकात म्हणतो. बेवारस कुत्र्यालाही ते नाव दिले. जिवंत माणसांच्या एका जातीचे नाव इंग्रजांनी आपल्या भाषेत शिवी म्हणून वापरायला घेतले, आणि ती जात आहे हे विसरून गेले. इंग्रजी ही जात नसलेली भाषा आहे असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी या शब्दाचा विचार करावा.

मग रंगभूमीवर आपली भाषा आपण कधी बोललोच नाही का? बोललो. आणि आधीपासून बोललो. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात जोशी आहे, कुणबी आहे, कुणब्याची बायको आहे आणि त्यांच्या बोलण्यावर टीका करणारा विदूषक आहे. नाडला जाणारा कुणबी तिथे आहे, पण विदूषकाची थट्टा नाडणाऱ्यावर आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. ते छापून यायला 1979 साल उजाडले. सव्वाशे वर्षे! शॉ यांच्या फुलवालीच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे लिहिले गेले होते आणि ते कपाटात ठेवले गेले.

पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचाच बाज, वस्तीचीच भाषा, पण विषय शिक्षणाचा, पाण्याचा, मंदिराचा. आपल्या सभांपेक्षा या जलशांचे काम बाबासाहेबांना मोठे वाटे, हे आपण ऐकत आलो आहोत. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला माणूस वस्तीच्या भाषेतल्या जलशाला मान देतो, याचा अर्थ नीट समजून घ्या. अलीकडे 2012 साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. संभाजी भगत यांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांचे लेखन. जालन्याकडची बोली मुंबई-पुण्याच्या थिएटरात घुमली. तिथेही लोक हसत होते, पोट धरून हसत होते. पण नाटकातल्या माणसांबरोबर हसत होते, माणसांना हसत नव्हते.

इंग्लंडमध्येही असाच फरक पडला. 1958 साली सॅलफर्ड या कामगार शहरातल्या शीला डेलानी या एकोणीस वर्षांच्या मुलीचे 'अ टेस्ट ऑफ हनी' लंडनच्या रंगभूमीवर आले. बसकंपनीत काम करणाऱ्या माणसाची ही मुलगी. तिला कुणाकडे 'तुमच्याकडची भाषा द्या' म्हणून जावे लागले नाही. भाषा तिची, गोष्ट तिची, मायलेकींचे भांडणही तिचेच. एलायझाला प्राध्यापक लागला. डेलानीच्या मुलीला लागला नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच लोकांकडून येईल. मग मुलांनी प्रमाण मराठी शिकायची नाही का? इंग्रजी शिकायची नाही का? शिकायचीच. कसून शिकायची. अर्ज, कोर्ट, परीक्षा, मुलाखत या दारांची किल्ली ती आहे, आणि ती किल्ली आपल्या हाती येऊ नये म्हणूनच शतकानुशतके बंदोबस्त झाला. बाबासाहेबांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले आणि 'मूकनायक'मधून मराठीत लोकांना जागे केले. 'बोली हीच आमची अस्मिता, तुम्ही शिकू नका' असे गोड बोलून सांगणाऱ्यांपासूनही सावध राहिले पाहिजे. त्यांची स्वतःची मुले कुठल्या शाळेत जातात ते आधी विचारावे. माझे म्हणणे एवढेच, की दुसरी भाषा शिकताना पहिलीची लाज शिकायची गरज नाही. आपल्याला मात्र दोन्ही एकाच तासात शिकवले जाते.

आणि मी ते शिकलो. हे लिहिणे अवघड आहे, पण लिहिले पाहिजे. नोकरी लागल्यावर मी आईला दुरुस्त करू लागलो. घरी पाहुणे असले की जास्त. "आई, पानी नाही, पाणी." ती ऐकून घ्यायची. हळूहळू पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली. चहा ठेवायची आणि आत जायची. लोक म्हणायचे, तुमच्या आई फार शांत आहेत. आई शांत नव्हती. ओव्या म्हणायची, भांडायची, नकला करायची, आम्हाला 'डांबिस' म्हणून पाठीत धपाटा घालायची. हा डांबिसही म्हणे इंग्रजांच्या 'डॅम बीस्ट'वरून आला. साहेबाची शिवी उचलून तिने लेकरांच्या लाडाला लावली होती. अशी बाई माझ्याच घरात माझ्यामुळे मुकी झाली. हिगिन्सवर टीका करणे सोपे आहे. मी माझ्या आईचा हिगिन्स झालो होतो.

आई जाऊन आठ वर्षे झाली. तिचे बोलणे कुठे रेकॉर्ड केलेले नाही. ज्या नाटकात मी तिची भाषा वापरली त्याचीही चित्रफीत नाही. असती तरी त्यात लोकांचे हसणेच जास्त ऐकू आले असते.

तर आई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. गडी पगार मागत होता हे तू ऐकलेस, कारण तू त्याचे म्हणणे ऐकत होतीस. बाकीचे त्याचा उच्चार ऐकत होते. आणि तसेच ऐकले जावे अशीच ती भूमिका लिहिली होती. मी ती तशीच केली.

त्या तीन मुलांना मी काय सांगितले ते लिहून थांबतो. दिग्दर्शकाला म्हणालो, "भाषा मसाल्यासारखी वरून टाकता येत नाही. नाटकातला तुझा नायकही याच भाषेत बोलेल का? वकील, मास्तर, प्रेम करणारा पोरगा, हेही याच भाषेत बोलतील का? बोलणार असतील तर बसू." तो विचारात पडला. मग मी खाली बघत बसलेल्या मुलाकडे वळलो. "घरात आजी आहे का?"

"हाय," तो म्हणाला. आणि लगेच सावरून, "म्हणजे, आहे सर."

"पहिलं बरोबर होतं," मी म्हणालो. "आजीशेजारी बस आणि तू लिही. मी तपासणार नाही."

परवा त्याने सात पाने आणून दिली. लंडन गेले आहे, दौंडची लोको शेड आली आहे. त्यात एक गँगमन पगार मागतो. मी दोनदा वाचले. पेन हातात घेतले नाही.

जय भीम.